छिन्नमानसावरील औषधोपचार व शरीराचे वजन

छिन्नमानस अथवा स्किझोफ्रेनिया या मनोविकृतीत रुग्णाचे विचार, भावना व वास्तवाचे भान यांत बिघाड होतो. विकार पुन्हा उफाळू नये म्हणून औषधे दीर्घकाळ घ्यावी लागतात. त्यामुळे औषधाच्या गुणाइतकेच रुग्ण ते घेत राहतो की नाही, यालाही महत्त्व आहे. औषध नाकारणे हे विकाराचेच लक्षण होय, असे पूर्वी बहुधा मानले जाई. वजनवाढीच्या इतिहासाने या समजुतीस मर्यादा घातली.

पॅरिसच्या सँत-आन रुग्णालयात झां दले व प्येर दनीकेर यांनी १९५२ मध्ये क्लोरप्रोमाझिनाचा वापर केला व चित्तविकृतिरोधी औषधांचे युग सुरू झाले. या औषधाने वजन वाढते, हे त्याच दशकात नोंदले गेले. परंतु कंप, स्नायूंचा ताठरपणा व अनैच्छिक हालचाली हे परिणाम अधिक ठळक असल्याने चिकित्सकांचे लक्ष मुख्यतः त्यांकडे राहिले. रुग्ण गोळ्या मध्येच सोडतात, यावर उपाय म्हणून १९६० नंतरच्या दशकात काही आठवडे परिणाम टिकणारी फ्लुफेनाझिनाची अंतःक्षेपणे प्रचारात आली.

अमेरिकेत १९८९ मध्ये क्लोझापिनास व १९९६ मध्ये ओलांझापिनास मान्यता मिळाली. ताठरपणा व कंप यांचा त्रास या औषधांनी पुष्कळ कमी होतो. मात्र मेंदूतील हिस्टामीन व सेरोटोनीन यांच्या काही ग्राहींना ती अवरोध करीत असल्याने भूक वाढते. १९९९ मध्ये अमेरिकन संशोधक डेव्हिड ॲलिसन व त्यांचे सहकारी यांनी अनेक चाचण्यांची एकत्र छाननी केली. तीनुसार दहा आठवड्यांतील सरासरी वजनवाढ क्लोझापिनाने ४.४५ किग्रॅ., ओलांझापिनाने ४.१५ किग्रॅ., तर झिप्रासिडोनाने केवळ ०.०४ किग्रॅ. आढळली.

पीटर वाइडन व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, प्रमाणबद्ध वजनाच्या रुग्णांच्या तुलनेत स्थूल रुग्णांनी औषध चुकविण्याची शक्यता दुपटीहून अधिक दिसली. पुढील वर्षी अमेरिकेतील ५७ केंद्रांतील १,४९३ रुग्णांच्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीत ७४ टक्के रुग्णांचे नेमून दिलेले औषध अठरा महिने पूर्ण होण्यापूर्वीच बंद झाले. ओलांझापिनाबाबत हे प्रमाण सर्वांत कमी, ६४ टक्के होते. पण वजनवाढ व चयापचयातील बिघाड यांमुळे बंद झालेल्या औषधांत तेच अग्रस्थानी होते. मन सावरणारे औषध शरीरास नकोसे होते, हा पेच यातून स्पष्ट झाला.

वजनवाढीमुळे मधुमेह व हृद्‌विकार यांचा धोका वाढतो, तर औषध सोडल्यास विकार उलटतो. म्हणून उपचाराच्या आरंभापासून वजन, कंबरेचा घेर व रक्तशर्करा यांची नियमित नोंद ठेवणे, आहार व व्यायाम यांस साहाय्य करणे, औषध बदलणे अथवा मेटफॉर्मिनाची जोड देणे, हे उपाय योजतात. २०२४ मध्ये अमेरिकेत झॅनोमेलीन व ट्रॉस्पियम यांच्या संयुक्त औषधास मान्यता मिळाली. त्याची क्रिया निराळी असून त्याने वजन विशेष वाढत नाही. औषध का सोडले, हे रुग्णालाच विचारणे हा आता उपचाराचा भाग मानला जातो.