जोगलटेंभीची नाणी

पायाळू माणसाच्या डोळ्यांत अंजन घातले म्हणजे त्याला भूमीच्या उदरातील द्रव्य दिसते, या समजुतीवर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ओसाड वाड्यांच्या भिंती खणल्या गेल्या. आता पायाळूची ती जागा धातुशोधक यंत्राने घेतली आहे, आणि ते बिचारे निदान धातू असेल तेथेच वाजते. परंतु नाणे हाती लागणे आणि नाण्याची साक्ष हाती लागणे यांत महदंतर आहे.

नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे 1906 साली क्षत्रप नहपानाच्या 13,000 हून अधिक रौप्यमुद्रा सापडल्या; एका अंगास राजाचे मुख व सभोवती ग्रीक अक्षरे, दुसऱ्या अंगास बाण, वज्र आणि ब्राह्मी व खरोष्ठी लेख, असा त्यांचा घाट; आणि त्यांपैकी 9,000 हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला चैत्याचा व उज्जयिनी-चिन्हाचा ठसा मारलेला होता. पराभूताचे चलन वितळविण्याची तसदी न घेता विजेत्याने त्याच्या मुखावरच आपली मोहोर उमटविली, आणि तिच्याखालून नहपानाचे नाक, एखादा कान, अक्षरांचे तुकडे डोकावत राहिले. नाशिकच्या लेण्यातील लेखात गौतमीपुत्राने क्षहरातांचे, म्हणजे नहपानाचेच, कुळ निःशेष केल्याची जी प्रौढी आहे, ती केवळ प्रशस्तिकाराची अतिशयोक्ती नव्हे, हे या रुप्याने रुजू केले. रेव्हरंड स्कॉट यांना हा संचय एकत्र तपासता आला म्हणूनच हे साधले. हीच नाणी एकेक करून बाजारात गेली असती, तर त्या प्रमाणाचा पत्ता कोणास लागता? दहा रुपयांहून अधिक मोलाचे भूमिगत धन सापडल्यास कलेक्टरास वर्दी द्यावी, असा कायदा 1878 पासून आहे, आणि यंत्र घेऊन रात्री शेते तुडविणाऱ्यांस तो बहुधा ठाऊकही असतो.

अशा चोरट्या मालातच नकला बेमालूम मिसळतात. पूर्वी पोतदार नाणे वाजवून, तोलून त्याचा बट्टा ठरवीत असे. आज भिंग अधिक उपयोगी पडते. ओतीव नकलेची अक्षरे बोथट असतात, अंगावर बुडबुड्यांचे सूक्ष्म खळगे राहतात, आणि साच्याच्या दोन भागांची शिवण कानस फिरविल्यावरही कडेवर पुष्कळदा ओळखू येते. पुनर्मुद्रित नाण्यांत तर आणखी एक सोय आहे: हातोड्याचा घाव दोनदा तंतोतंत सारखा पडत नाही, म्हणून नहपानाच्या नाकावर सातकर्णीचा ठसा नेमका त्याच कोनात बसलेली दोन नाणी कोणी पुढे केली, तर त्यांतील निदान एक ओतीव समजावे.