साखळीचा मळ आणि र्‍हाइनकाठची रसायनं
1817 मध्ये कार्ल ड्राइस यांनी मानहाइममधून हाकलेल्या दुचाकीला साखळीच नव्हती. वंगणात धूळ चिकटण्याची कटकट पुढची. आपल्याकडे त्यावर घासलेट हा जुना उपाय. मानहाइमहून र्‍हाइन नदीपलीकडच्या लुडविग्सहाफेनमध्ये मात्र पहिल्या महायुद्धातल्या चरबीटंचाईमुळे बीएएसएफ या रसायन कंपनीच्या रसायनज्ञांनी ‘नेकाल’ हे साबणाला पर्यायी द्रव्य घडवलं. ते कापडधंद्यासाठी होतं, सायकलीशी त्याचा काय संबंध, असं कुणी म्हणेल. संबंध वंशाचा आहे: आजच्या डिटर्जंटांचं ते पूर्वज, आणि जड पाण्यातही त्याचा साबणासारखा साका होत नाही. (तसं ते मळ काढण्यात बेताचंच होतं.) पण तेलकट मळ सोडवणारं द्रव्य वंगणही नेतं. म्हणून धुतलेली साखळी पूर्ण कोरडी करून कडीकडीवर थेंबभर तेल सोडावं, वरचं पुसून घ्यावं. बेअरिंगवर जोराचा फवारा मारूच नये.