तीन लाखांची तरतूद

जुलै 1942 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री म्हणून रुजू झाले आणि दिल्लीत पृथ्वीराज रोडवर राहू लागले. त्यांच्या त्या काळातील कामांपैकी कामगार कायद्यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. 29 ऑक्टोबर 1942 रोजी त्यांनी लॉर्ड लिनलिथगो यांना दिलेल्या निवेदनाकडे मात्र त्या मानाने कमी लक्ष जाते.

अस्पृश्यांच्या राजकीय, शैक्षणिक आणि आर्थिक गाऱ्हाण्यांच्या त्या निवेदनात दोन मागण्या एकमेकींना बांधलेल्या होत्या : केंद्राच्या नोकऱ्यांत राखीव वाटा आणि उच्च शिक्षणासाठी पैसा. कला किंवा कायद्याच्या पदवीने फारसे साधणार नाही. विज्ञान आणि तंत्रविद्येचे शिक्षण हवे, आणि तेच गरिबाच्या आवाक्याबाहेर आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. अलीगढ आणि बनारसच्या विद्यापीठांना सरकार दरसाल तीन-तीन लाख देते, मग अस्पृश्यांसाठी तेवढेच का नाही, हा त्यांचा रोखठोक प्रश्न होता. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर 1913 मध्ये न्यूयॉर्कला गेलेल्या माणसाला त्या पैशाचे मोल कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

ऑगस्ट 1943 मध्ये केंद्रीय सेवांत अनुसूचित जातींसाठी 8⅓ टक्के जागा राखीव झाल्या. वयोमर्यादेत तीन वर्षांची सवलत मिळाली, परीक्षा शुल्क चौथाईवर आले. परंतु पात्र उमेदवार मिळाला नाही तर जागा खुली होईल, असेही ठरले. पदवीधरच हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असताना या अटीचा अर्थ उघड होता. म्हणूनच 1944 मध्ये सुरू झालेल्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचे महत्त्व आरक्षणाइतकेच आहे. दरसाल तीन लाखांची तरतूद झाली, काही विद्यार्थी परदेशीही गेले. 1946 मध्ये आरक्षण 12½ टक्क्यांवर गेले.

पुढे राज्यघटनेच्या 46 व्या कलमाने दुर्बल घटकांच्या शैक्षणिक आणि आर्थिक हितसंवर्धनाची जबाबदारी एकाच वाक्यात राज्यावर टाकली. दिल्लीच्या त्या निवेदनातील जोडणीच जणू तिथे पुन्हा दिसते.

व्यवहारात मात्र ही जोडणी सैल होत गेली. आरक्षणावर न्यायालयांत आणि रस्त्यांवर वाद झडले. शिष्यवृत्तीचा प्रश्न अंदाजपत्रकाच्या एका ओळीत राहिला. जुन्या सूत्रामुळे तिचा भार राज्यांवर सरकत गेला. डिसेंबर 2020 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने पाच वर्षांसाठी 59,048 कोटी रुपये मंजूर केले. त्यांतील 60 टक्के केंद्राने द्यायचे आणि ते थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जमा करायचे, पण राज्याने आपला वाटा दिल्यावरच.

विद्यार्थ्याचे भवितव्य या ‘दिल्यावरच’ मध्ये अडकते. महाविद्यालयाच्या शुल्काची तारीख कोणत्याही सरकारच्या हिश्श्याची वाट पाहत नाही. वर्षअखेरीस आलेली रक्कम हिशेबात बसते, पण सहामाहीत कॉलेज सोडून कामाला लागलेला मुलगा वर्गात परत येईलच असे नाही. राखीव जागेपर्यंत पोहोचणारा माणूस आधी घडवावा लागतो, हे 1942 मध्ये सरकारला लेखी कळवले होते. आज त्या निवेदनाचा मान राखायचा, तर शिष्यवृत्ती वेळेवर पोहोचली पाहिजे.