खाडी आडवी आली की

मुंबई-गोवा महामार्ग कोकणातून जातो खरा, पण समुद्र काही दाखवत नाही. कारण साधे आहे. सावित्री महाडजवळ, वाशिष्ठी चिपळूणजवळ, शास्त्री संगमेश्वराजवळ आवाक्यातली नदी असते. समुद्राकडे जाता जाता तिचीच खाडी होते. वर पूल बांधणे सोपे, मुखाशी अवघड. त्यामुळे किनाऱ्याने सलग रस्ता कैक वर्षे नव्हताच.

समुद्र हाच इथला हमरस्ता. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत आगबोट जाई. बऱ्याच ठिकाणी ती धक्क्याला लागत नसे. खोल पाण्यात उभी राही आणि चाकरमानी ट्रंका-बोचकी सांभाळत पडावात उतरत. देखावा बघायला सवड कुणाला? पोटातले ढवळणे आवरले तरी पुष्कळ. त्यात भीतीही होती. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली.

त्याच रेवसपासून थेट गोव्याच्या वेशीवरच्या रेडीपर्यंत सागरी महामार्ग न्यायचे स्वप्न बॅ. अ. र. अंतुले यांनी १९८०च्या सुमारास, मुख्यमंत्री असताना पाहिले. रस्ता झाला तो तुकड्यातुकड्याने. रेवदंड्याला कुंडलिकेवर पूल आला, रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला जाताना आरे-वारेचा किनारा खाली पसरलेला दिसू लागला. बाणकोट आणि दाभोळच्या खाड्या मात्र तशाच राहिल्या. तिथे गाडी जंगलजेटीवर, म्हणजे गाड्या पलीकडे नेणाऱ्या बोटीवर चढवायची.

गंमत म्हणजे या अडवणुकीनेच पर्यटकाला थांबायला शिकवले. बाणकोटची खाडी ओलांडली की वेळास जवळच. नाना फडणवीसांचे हे मूळ गाव आता ओळखले जाते ते ऑलिव्ह रिडले कासवांमुळे. पूर्वी इथली अंडी खाण्यासाठी, विकण्यासाठी उकरली जात. २००२ साली चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने गावकऱ्यांना हाताशी धरून ती कुंपणाआड राखायला सुरुवात केली. उन्हाळ्याच्या तोंडावर पिल्ले पाण्याकडे सोडतात, तेव्हा बघ्यांची रीघ लागते. पाहुण्यांची सोय गावातल्याच घरांतून, जेवण पंगतीचे.

खाड्यांवरच्या उरलेल्या पुलांची कामे आता सरकारने हाती घेतली आहेत. तोवर बाणकोट खाडीवरच्या वेश्वीच्या धक्क्यावर जंगलजेटी पलीकडे दिसली, की गाडी बंद करायची, खाली उतरायचे आणि ती सावकाश अलीकडे येताना बघत राहायचे.