पदवी येथे की परदेशी? नंदुरबारच्या घराघरांतील हिशेब

नंदुरबार : बारावीचा आणि 'नीट'चा निकाल लागला, की परदेशात 'कमी खर्चात डॉक्टर' करून देणाऱ्या जाहिराती गावोगावी पोचतात. किर्गिझस्तान, जॉर्जिया, रशिया, कझाकस्तान ही नावे आता शहादा-तळोद्याच्या पालकांनाही अनोळखी राहिलेली नाहीत. अभियांत्रिकी आणि व्यवस्थापनासाठी जर्मनी, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया यांची चौकशीही होऊ लागली आहे. कोणते विद्यापीठ मोठे, याचा खल या चौकशीत बराच होतो. पदवीच्या कोणत्या टप्प्यावर परदेशी जायचे आणि त्या टप्प्याला पैसा कोण देणार, हा प्रश्न मात्र मागे पडतो. नंदुरबारसारख्या जिल्ह्यात खरा निर्णय या दुसऱ्या प्रश्नावरच होतो.

धुळ्यातून १ जुलै १९९८ रोजी वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ६९ टक्के लोकसंख्या आदिवासी आहे. साक्षरतेचे प्रमाण ६४ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे त्या वेळी राज्यात सर्वांत कमी होते. जळगावचे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ (आताचे कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ) १५ ऑगस्ट १९९० रोजी स्थापन होईपर्यंत येथील महाविद्यालये पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. घरात पावरी, मावची किंवा भिली, शाळेत मराठी आणि महाविद्यालयात इंग्रजी अशा तीन पायऱ्या चढणाऱ्या धडगावच्या मुलाला पुण्याचे वसतिगृहसुद्धा पहिल्या वर्षी परदेशच वाटते. 'परदेशी पाठवू का?' असे विचारणाऱ्या पालकाने या पायऱ्यांपैकी मुलाच्या किती चढून झाल्या आहेत, हे आधी पाहावे.

सरकारी पैसा सीमेवर थांबतो

देशात शिकणाऱ्या अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्याला मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, शुल्कमाफी, आदिवासी विकास विभागाची वसतिगृहे आणि वसतिगृहात जागा न मिळाल्यास पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना असा आधार आहे. आयआयटीमध्ये या प्रवर्गातील विद्यार्थ्यांना शिकवणी शुल्क पूर्ण माफ आहे. इतर मागासवर्ग, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक आणि सामाजिक-शैक्षणिक मागास प्रवर्गातील मुलींना कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असल्यास व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क माफ करण्याचा निर्णय राज्याने २०२४ मध्ये घेतला. शिष्यवृत्तीचे हप्ते वेळेवर येत नाहीत, ही तक्रार जुनीच आहे आणि ती खोटी नाही. तरीही हे सर्व मिळून पदवीचा मोठा भार उचलला जातो.

परदेशातील पदवीला मात्र यांतील जवळजवळ काहीच लागू होत नाही. केंद्र सरकारची अनुसूचित जमातींसाठीची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती पदव्युत्तर, पीएचडी आणि त्यापुढील संशोधनासाठी आहे, आणि देशभरातून वर्षाला अवघे वीस विद्यार्थी तिच्यासाठी निवडले जातात. राज्याच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीचा विचारही पदव्युत्तर आणि पीएचडीपुरताच आहे. आदिवासी विकास विभागाच्या स्वतंत्र योजनेत काही शाखांच्या पदवीला स्थान आहे. पण जागा मोजक्या आणि विद्यापीठ जागतिक क्रमवारीत वरचे असावे ही अट. जाहिरातींतील स्वस्त वैद्यकीय महाविद्यालये या क्रमवारीत सहसा आढळत नाहीत. 'शिष्यवृत्तीवर पाठवतो' असे सांगणाऱ्याला योजनेचे नाव विचारले, की बऱ्याच गोष्टी उलगडतात.

उरते कर्ज. साडेसात लाखांपुढील शैक्षणिक कर्जासाठी बँका सर्वसाधारणपणे तारण मागतात. शहाद्याच्या बागायती पट्ट्यात ऊस-केळी-पपई घेणाऱ्या शेतकऱ्याकडे तारणाला जमीन असते. अक्राणी आणि अक्कलकुव्याच्या डोंगरात अनेक कुटुंबांकडे असलेली जमीन २००६ च्या वनहक्क कायद्याने मिळालेली आहे. ही जमीन वारसाहक्काने पुढे जाते, परंतु त्याच कायद्यानुसार ती हस्तांतरित करता येत नाही. जी विकता येत नाही, तिच्यावर कर्ज कोण देणार? आदिवासींच्या अन्य जमिनीच्या हस्तांतरणावरही महसूल कायद्याची कडक बंधने आहेत. ही बंधने आदिवासींच्या रक्षणासाठीच आहेत आणि ती असायलाच हवीत. पण परदेशी शिक्षणाच्या कर्जाची वाट त्यामुळे अरुंद होते, हेही तितकेच खरे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजनेत तारणाशिवाय आणि जामिनाशिवाय कर्ज मिळते, मात्र ते देशातील निवडक दर्जेदार संस्थांतील प्रवेशासाठी.

सहा जागांचे गणित

मग मुले परदेशी का जातात? वैद्यकीय शाखेत याचे उत्तर आकड्यांत आहे. २०२४ मध्ये देशभरातून सुमारे २४ लाख विद्यार्थ्यांनी 'नीट'साठी नोंदणी केली. एमबीबीएसच्या जागा लाखाच्या थोड्या वर. नंदुरबारला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२० मध्ये १०० जागांनी सुरू झाले, तेव्हा जिल्ह्यात मोठा आनंद झाला. तो योग्यही होता. परंतु १०० पैकी १५ जागा अखिल भारतीय कोट्यात जातात. उरलेल्या ८५ वर अनुसूचित जमातींचे राज्याचे सात टक्के आरक्षण लावले, तर साधारण सहा जागा येतात. या सहा जागांसाठी गडचिरोलीपासून पालघरपर्यंतचे विद्यार्थी पात्र असतात. जिल्ह्याच्या रहिवाशांसाठी वेगळी राखीव जागा नाही; प्रादेशिक ७०:३० सूत्रही राज्याने सप्टेंबर २०२० मध्ये रद्द केले. दर दहांत सात माणसे आदिवासी असलेल्या जिल्ह्याच्या महाविद्यालयात सुमारे सहा जागा, ही विसंगती परदेशाची जाहिरात करणाऱ्यांना पुरेपूर ठाऊक असते.

खुल्या आणि इतर मागास प्रवर्गातील मुलांसाठी शासकीय जागांचे गुण आणखी वर असतात आणि खासगी महाविद्यालयाचे शुल्क वर्षाला अनेक लाखांत जाते. बाहेरचा सहा वर्षांचा एकूण खर्च त्यापुढे लहान दिसतो.

तो पूर्ण खर्च मात्र नसतो. परदेशी वैद्यकीय पदवीधारकांसाठी नोव्हेंबर २०२१ मध्ये लागू झालेल्या नियमांनुसार अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा, इंग्रजी माध्यमाचा आणि एकाच संस्थेतील असावा लागतो. त्याच संस्थेत बारा महिन्यांची आंतरवासिता हवी. ती पदवी त्या देशात वैद्यकीय व्यवसाय करण्याचा परवाना मिळवून देणारी असावी लागते. भारतात परतल्यावर एफएमजीई ही परीक्षा आहे. ३०० पैकी १५० गुण मिळाल्याशिवाय सुटका नाही. त्यानंतर येथे पुन्हा बारा महिन्यांची आंतरवासिता. म्हणजे देशातील साडेपाच वर्षांच्या जागी किमान साडेसहा वर्षे, आणि सारे प्रवेशापासून दहा वर्षांच्या आत. अलीकडच्या वर्षांत एफएमजीईत उत्तीर्ण होणाऱ्यांचे प्रमाण साधारण चार-पाचांत एक असे राहिले आहे. 'नीट' पात्रता नसताना परदेशी गेलेल्याला तर ही परीक्षाच देता येत नाही.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोग परदेशी महाविद्यालयांची 'मान्यताप्राप्त' अशी यादी प्रसिद्ध करत नाही. त्यामुळे 'आयोगाची मान्यता आहे' एवढ्या वाक्यावर विसंबणे धोक्याचे आहे. शिकवण्याचे माध्यम, महिन्यांची बेरीज आणि परवान्याची अट या तीन गोष्टी पालकांनी स्वतः लेखी मिळवाव्यात.

युद्धाचा धडा तर अजून ताजा आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले आणि हजारो भारतीय वैद्यकीय विद्यार्थ्यांना 'ऑपरेशन गंगा'तून मायदेशी आणावे लागले. त्यांना भारतीय महाविद्यालयांत सामावून घेण्याची मागणी मान्य झाली नाही. अंतिम वर्षांच्या विद्यार्थ्यांना येथे परीक्षा देण्याची एकवेळची मुभा २०२३ मध्ये मिळाली. इतरांना दुसऱ्या देशांत वाट शोधावी लागली.

फुकट शिक्षणाचा जर्मनी

जर्मनीतील बहुतेक शासकीय विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही, ही माहिती खरी आहे. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य मात्र २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांकडून सत्राला १,५०० युरो घेते. शुल्क नसले, तरी व्हिसासाठी वर्षभराच्या उदरनिर्वाहाची रक्कम बंदिस्त खात्यात दाखवावी लागते. सप्टेंबर २०२४ पासून ती ११,९०४ युरो झाली. शिवाय केवळ बारावीवर पदवीला थेट प्रवेश सहसा मिळत नाही. भारतात एक वर्ष शिकलेला, जेईई अॅडव्हान्स्ड उत्तीर्ण झालेला किंवा तेथील पूर्वतयारी अभ्यासक्रम केलेला विद्यार्थी पात्र ठरतो. पदवीचे बरेचसे अभ्यासक्रम जर्मन भाषेत चालतात. अकरावीपासून जर्मन शिकण्याची तयारी असलेल्या मध्यमवर्गीय घराला ही वाट परवडू शकते. घाईने ठरवण्यासारखी ती नाही.

आधी घरची पदवी

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९१२ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून बी.ए. केले आणि १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या बडोदे संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले. पदवी येथे आणि पुढचे शिक्षण तेथे, हा क्रम आजच्या सरकारी योजनांतही तसाच आहे. परदेशाची ओढ असलेल्या गरीब घरच्या मुलाला तो सर्वांत सोयीचा पडेल, असे या प्रतिनिधीचे मत आहे. शैक्षणिक वर्ष २०२४-२५ पासून राज्यातील संलग्न महाविद्यालयांतही नव्या धोरणानुसार अभ्यासक्रम सुरू झाले असून पदवीचे चौथे वर्ष करण्याची सोय आहे. अमेरिकेतील अनेक विद्यापीठांना पदव्युत्तर प्रवेशासाठी सोळा वर्षांचे शिक्षण लागते; तिथे हे चौथे वर्ष कामी येईल. ब्रिटनमध्ये तीन वर्षांच्या पदवीवरही एक वर्षाचे पदव्युत्तर शिक्षण घेता येते.

केवळ देशात शिकून कुठवर जाता येते, याचे उदाहरण जिल्ह्याला परिचित आहे. साक्री तालुक्यातील सामोडे येथील भिल्ल कुटुंबात जन्मलेले डॉ. राजेंद्र भारूड अक्कलकुव्याच्या नवोदय विद्यालयात शिकले, मुंबईच्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाले आणि पुढे याच नंदुरबारचे जिल्हाधिकारी म्हणून आले.

परदेशी विद्यापीठेच आता इकडे येत आहेत. ऑस्ट्रेलियातील डीकिन आणि वोलोंगाँग यांनी गुजरातच्या गिफ्ट सिटीत वर्ग सुरू केले. नवी मुंबईसाठी २०२५ मध्ये ॲबरडीन, यॉर्क आदी विद्यापीठांना आशयपत्रे देण्यात आली. ही महागडी वाट जिल्ह्यातील किती जणांना उपयोगी पडेल, याविषयी शंका आहे.

दाखले आधी, विमान नंतर

देशातील राखीव जागा असो वा सरकारी परदेश शिष्यवृत्ती, अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्याला जात वैधता प्रमाणपत्र लागतेच. ते मिळण्यास वेळ लागतो. म्हणून अकरावीतच अर्ज करावा. शिष्यवृत्तीच्या चौकशीसाठी नंदुरबार आणि तळोदा येथील एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालये आहेत.

सीमेवरच्या पालकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. नवापूरच्या रेल्वे स्थानकाचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातमध्ये आहे. सुरतेला जाणे तेथे शेजारच्या गावी जाण्यासारखे. पण राज्याच्या कोट्यातील वैद्यकीय प्रवेशासाठी अधिवासाबरोबरच दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातील संस्थेतून उत्तीर्ण असणे, काही अपवाद वगळता, आवश्यक असते. चांगल्या शिकवणीसाठी अकरावीला सुरत किंवा कोटा गाठून तेथूनच बारावी करणाऱ्या विद्यार्थ्याचा राज्य कोट्यावरील हक्क जाऊ शकतो. दहावीच्या सुटीत शाळा सोडल्याचा दाखला काढण्यापूर्वी त्या वर्षीची प्रवेश नियमावली वाचावी.