एका बॅचचे तिघे

वीकांताला कोड उघडायचाच नाही असं ठरवलं की मी आंतरजालावर संग्रहालयं हिंडत बसतो. परवा अडकलो तो वांग दुओच्या (१५९२-१६५२) रेशमी पटांपाशी. भिंतीवर टांगायचे उभे पट, खाली दांडी, नको तेव्हा गुंडाळून ठेवायचे. कित्येक तर माणसापेक्षा उंच!

मला चिनी ओ की ठो कळत नाही. पण गंमत बघा, हा गृहस्थ शाई इतकी पातळ करतो की पहिलं अक्षर रेशमावर फुगून पसरतं. मग कुंचला पुन्हा न बुडवता तो लिहीतच सुटतो, शेवटी नुसते कोरडे ओरखडे उरतात. मग परत एक ओलं अक्षर. म्हणजे शाई कुठे संपली आणि हा कुठे थांबला, ते साडेतीनशे वर्षांनंतरही दिसतं. कंट्रोल-झेड नाही. आणि मजकूर? बऱ्याचदा चौथ्या शतकातल्या वांग शीझीच्या खाजगी पत्रांतला, कधीकधी तर दोन वेगळ्या पत्रांचे तुकडे जोडून. अर्थ लागला तर लागला.

असो. खरा किस्सा पुढेच आहे. १६२२ साली वांग राजदरबाराची सर्वोच्च परीक्षा पास झाला. त्याच वर्षी त्याचे मित्र नी युआनलू आणि हुआंग दाओझोउही. आपल्या भाषेत बॅचमेट. तिघंही अक्षराचे बादशहा. १६४४ मध्ये बंडखोरांनी बीजिंग घेतलं, मिंग राजवट कोसळली; नीने गळफास घेतला. हुआंग मांचूंशी लढायला निघाला, पकडला गेला, १६४६ मध्ये त्याचं डोकं उडवलं. आणि वांग? १६४५ मध्ये नानजिंगला शरण गेला, मांचूंची नोकरी धरली आणि मरेपर्यंत पट लिहीत राहिला.

याचं बक्षीस काय, तर त्याच मांचूंच्या चियानलुंग बादशहाने १७७६ मध्ये 'दोन राजवटींचे चाकर' अशा लोकांची वेगळी चरित्रं लिहायचा हुकूम काढला, आणि त्यात वांगचं नाव आलं. ज्यांच्यासाठी निष्ठा सोडली त्यांनीच शिक्का मारला! अक्षरावरून माणूस पारखणाऱ्या देशात हा शिक्का साधा नव्हे.

काल तिघांचे पट तीन खिडक्यांत शेजारी उघडले, नावं झाकली आणि बायकोला विचारलं, यातला शरण गेलेला कोण?

तिने वांगच्या पटावर बोट ठेवलं. म्हणाली, "हा सोडून कोणीही."