जॉबरच्या खिशात कार्ड नव्हतं

विजेच्या दिव्याच्या होल्डरमध्ये वायर जोडताना आत एक गाठ मारतात. बाहेरून कुणी वायर ओढली तर ताण स्क्रूवर न येता गाठीवर यावा, एवढंच तिचं काम. वायरचे दोन पदर सुटे करायचे, एकाचा फास करायचा, दुसरा त्याला वळसा घालून फासातून काढायचा आणि दोन्ही ओढायचे. हे वाचून तुम्हाला गाठ मारता येणार नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतल्या हजारो कारखान्यांत ही गाठ वापरली गेली ती नेमकं हेच दाखवायला.

वर्ग दहाएक जणांचा, सगळे फोरमन किंवा त्यांच्याही खालचे देखरेख करणारे. दोन-दोन तासांच्या पाच बैठका. शिकवणारा एकाला पुढे बोलावतो आणि गाठ कशी मारायची ते नुसतं तोंडी सांगतो. त्याला जमत नाही. दुसऱ्याला बोलावतो, चकार शब्द न बोलता गाठ मारून दाखवतो. त्यालाही जमत नाही. मग तिसऱ्याला आपल्या शेजारी उभं करतो; समोर नाही, कारण समोरून पाहिलं की डावं-उजवं उलटं होतं. हे काम पूर्वी कधी केलंय का, असं विचारतो. एकेक पायरी सांगत करून दाखवतो, कुठे हात चुकतो ते दाखवतो. मग त्याच्याकडून करवून घेतो आणि करता करता ‘असं का करतोय’ हेही त्यालाच बोलायला लावतो. गाठ बसते.

वीस-वीस वर्षं लोकांवर खेकसून काम करून घेतलेले हे फोरमन. त्यांच्यापुढे दोन चांगली धडधाकट माणसं एका साध्या गाठीपुढे हरलेली असायची आणि त्यांना मठ्ठ म्हणायची सोय उरलेली नसायची. कामगार शिकला नसेल तर शिकवणाऱ्याने शिकवलं नाही, असा या वर्गांचा बाणा होता.

या उपक्रमाचं नाव ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’. १९४० च्या उन्हाळ्यात, अमेरिका युद्धात उतरण्याआधीच, तो सुरू झाला. चालवणारे चौघे मोठ्या कंपन्यांतून आलेले होते, चॅनिंग डूली त्यांचा प्रमुख. चार पायऱ्यांची मूळ पद्धत चार्ल्स ॲलन या व्यवसाय-शिक्षकाची. पहिल्या महायुद्धात जहाजबांधणीसाठी घाईघाईने माणसं तयार करायची होती, तेव्हा ती वापरली गेली होती. युद्ध संपलं आणि सगळे विसरले. (उद्योगांच्या इतिहासात हे वारंवार दिसतं. माणसाशी नीट बोलावं हे संकटात आठवतं आणि संकट सरलं की खर्च वाटू लागतं.) १९४५ मध्ये काम थांबलं तोवर साडेसोळा हजारांवर कारखान्यांतल्या सुमारे साडेसतरा लाख लोकांना प्रमाणपत्रं मिळाली होती. पुढे हे वर्ग जपानला गेले, टोयोटाने ते उचलले, ती गोष्ट व्यवस्थापनाच्या पुस्तकांतून पुष्कळदा सांगितली जाते.

मला त्यातला १९४३ चा अभ्यासक्रम जास्त महत्त्वाचा वाटतो. तो माणसांशी कसं वागावं याचा होता. वर्ग संपला की प्रत्येकाला खिशात मावेल असं एक कार्ड मिळे. त्यावरचे मुद्दे थोडक्यात असे: ज्याचं काम कसं चाललंय ते त्याला कळू द्या. चांगल्या कामाचं श्रेय वेळेवर द्या. ज्या बदलाची झळ माणसाला बसणार असेल तो त्याला आधी सांगा. प्रत्येकाच्या अंगच्या गुणांचा उपयोग करून घ्या. भांडण आलं तर आधी हकीकत गोळा करा, मग ठरवा, मग करा आणि नंतर पुन्हा जाऊन पाहा. आज कुठल्याही कंपनीत नव्याने टीम लीड झालेल्याला दोन दिवस हॉटेलात बसवून जे शिकवतात ते बहुतेक सगळं या कार्डावर आहे. मी अशा तीन शिबिरांत बसलो आहे. फरक असला तर चहाबरोबर मिळणाऱ्या बिस्किटांचा.

हे मुद्दे पहिल्यांदा वाचले तेव्हा मला हसू आलं होतं. कारण हे सगळं ज्याला उत्तम येत होतं असा माणूस मुंबईच्या गिरण्यांत त्याआधी कित्येक दशकं वावरत होता. त्याला जॉबर म्हणत. बायकांच्या खात्यांत त्याच जागी नायकीण असे.

ताडदेवला कावसजी नानाभाई दावरांची गिरणी १८५६ मध्ये चालू झाली आणि पुढच्या काही दशकांत परळ, लालबाग, भायखळा धुरांड्यांनी भरून गेलं. मालक पारशी, गुजराती भाटिया. सुरुवातीला बरेचसे मास्तर लँकेशायरहून आणलेले. माणसं रत्नागिरीची, साताऱ्याची, पुढे उत्तर हिंदुस्तानातलीही. मास्तराची भाषा कामगाराला कळत नव्हती, आणि कामगाराची कळून घ्यायची मास्तराला गरज वाटत नव्हती. मधे जॉबर उभा होता. तो स्वतः कामगारांतूनच वर आलेला; माग बिघडला तर दुरुस्त करणारा. माणूस भरती करायचा तोच, सुट्टी द्यायचा तोच, काढायचाही तोच. भोंग्याच्या वेळी गिरणीच्या दारात बदलीवाले उभे असत. आज किती जण खाडा करून बसलेत ते पाहून जॉबर त्यांच्यातले हवे तेवढे आत घेई. आत घेण्याची किंमत असे. तिला दस्तुरी म्हणत.

एवढंच सांगितलं तर जॉबर म्हणजे लाचखाऊ दादा असं चित्र उभं राहतं आणि बऱ्याच अहवालांत ते तसंच आहे. पण नुसत्या धाकावर खातं चालत नाही. राजनारायण चंदावरकरांनी मुंबईच्या गिरणी कामगारांचा इतिहास लिहिताना हे फार बारकाईने दाखवलं आहे: जॉबरची सत्ता वरून दिसते तेवढी पक्की नव्हती. माणसं टिकली नाहीत, उत्पादन घसरलं, तर मास्तर त्यालाच घरी बसवी. माणसं नाराज झाली तर दुसऱ्या जॉबरकडे, दुसऱ्या गिरणीत जात. म्हणून त्याला चाळीत खोली बघून द्यावी लागे, उसनवारीला जामीन राहावं लागे, खानावळीत, तालमीत ओळख ठेवावी लागे. कुणाची बायको गावी आजारी आहे आणि कोण चार दिवस उशिरा परतणार, हे त्याला ठाऊक असणं हा त्याच्या कामाचा भाग होता. मास्तराचा हुकूम तो जसाच्या तसा खाली पोचवत नसे. कामगारांचं गाऱ्हाणंही जसंच्या तसं वर नेत नसे. दोन्हीकडे ऐकवेल असं करून सांगे. आपल्याकडे आज ज्याला संवादकौशल्य म्हणतात ते याहून वेगळं काय असतं, मला माहीत नाही.

आणि हेच कौशल्य काय काय सांभाळत होतं तेही पाहायला हवं. साळखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, पगार जास्त. तिथे धोट्यातली कांडी संपली की नवी कांडी घालून तिच्या सुताचं टोक धोट्याच्या भोकाला तोंड लावून ओढून घ्यावं लागे. एकाने तोंड लावलेला धोटा दुसऱ्याच्या तोंडी जाणार. म्हणून अस्पृश्य मानलेल्या जातींतल्या माणसांना त्या खात्यात शिरू दिलं जात नव्हतं. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर मांडला. कामगारांच्या मागण्यांमध्ये ही मागणी का नाही, हा त्यांचा साधा सवाल होता. खात्यात माणूस घेणं जिथे जॉबरच्या हातात होतं, तिथे ‘माझी माणसं एकमेकांशी जुळवून घेतात’ या वाक्याचा एक अर्थ असाही होता. माणसं सांभाळायची त्याची हातोटी खरी होती. त्या हातोटीने जी शांतता राखली जायची, तिच्यात कुणाला तरी दाराबाहेर ठेवलेलं असायचं.

त्याच संपातून गिरणी कामगार युनियन उभी राहिली. तिच्या गिरणी समित्या खात्यात जाऊन थेट मालकाशी बोलू लागल्या तेव्हा जॉबरच्या मधल्या जागेलाच धक्का बसला. काही जॉबर संप फोडायला पुढे आले, काही संपाच्याच पुढे राहिले. वाऱ्याची दिशा ओळखणं हाही त्यांच्या धंद्याचा भाग. १९२९ मध्ये नेमलेल्या शाही श्रम आयोगाने, ज्याला व्हिटली कमिशन म्हणतात आणि ज्यात ना. म. जोशी सदस्य होते, १९३१ च्या अहवालात जॉबरकडून भरतीचा अधिकार काढून घ्यावा आणि गिरण्यांनी स्वतंत्र लेबर ऑफिसर नेमावेत अशी शिफारस केली. १९३६ मध्ये मुंबईत टाटांच्या ट्रस्टने समाजकार्याचं महाविद्यालय काढलं, आजची टाटा समाजविज्ञान संस्था. अशा कामासाठी शिकलेली माणसं तिथून मिळू लागली. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने पाचशे किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी सक्तीचा केला. अधिकारी शिकलेले होते, लाच घेत नव्हते, आणि त्यांच्याकडे फॉर्म होते. पण माग बंद पडला तर त्यांना तो चालू करता येत नव्हता, आणि खात्यातला कामगार हे पहिल्याच दिवशी ओळखतो.

जॉबरमध्ये तीन गोष्टी एका माणसात बांधलेल्या होत्या: यंत्राची जाण, माणसांची जाण, आणि काढण्या-घेण्याची सत्ता. सुधारकांनी सत्ता काढून ऑफिसात नेली. अमेरिकन कार्डाने माणसांची जाण सोडवून खिशात घालता येईल एवढी केली. माझ्या शिबिरांत सत्तेचा विषय एकदाही निघाला नाही. ‘मोकळेपणाने बोला’ हे आम्हाला शिकवत होते, आणि वर्षअखेरचं मूल्यांकन कोण लिहिणार हे सगळ्यांना माहीत होतं. त्यावर कुणी मोकळेपणाने बोललं नाही.

पन्नाशीच्या दशकात आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या तज्ज्ञांमार्फत ते अमेरिकन वर्ग आपल्याकडच्या कापडगिरण्यांतही आले, अहमदाबादमध्येही. त्याच शहरात, त्याच सुमारास, एक वेगळा प्रयत्न झाला आणि त्यात कुणालाही बोलायला शिकवलं गेलं नाही. गौतम साराभाईंच्या कॅलिको मिलमध्ये नवे स्वयंचलित माग आले होते. एका शेडमध्ये २२४ माग, पाळीला २९ माणसं, बारा प्रकारची कामं. यंत्रं नवी, तरी उत्पादन अपेक्षेपेक्षा कमी आणि खराब कापड जास्त. १९५३ मध्ये लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस तिथे आले. त्यांना दिसलं ते असं: विणकराकडे जितके माग, त्याहून वेगळ्या संख्येचे कांड्या भरणाऱ्याकडे, आणखी वेगळ्या संख्येचे तुटलेला ताणा सांधणाऱ्याकडे. त्यामुळे कुणाचंच कुणाशी ठरावीक नातं नव्हतं. एका विणकराचा निम्मा कांडीवाला दुसऱ्याचाही असे. भांडायचं तरी कुणाशी हे ठरत नव्हतं, तिथे संवाद कसला.

राइस यांनी सुचवलं की ठरावीक मागांचा एक संच एका गटाकडे द्यावा. मॅनेजर, सुपरवायझर यांच्याशी चर्चा झाली. कल्पना कामगारांपर्यंत पोचली तेव्हा त्यांनी ती ताबडतोब उचलली. पुढच्या आराखड्याची वाट न पाहता त्यांनी आपापले गट स्वतःच जुळवून आणले. सात माणसं, ६४ माग. काम कुणी काय करायचं ते आतल्या आत ठरू लागलं. कांडीवाला अडला तर विणकर हात लावू लागला. सुपरवायझरला एकेका माणसामागे धावण्याऐवजी गटाशी बोलता येऊ लागलं. काही महिन्यांत उत्पादन वाढलं, खराब कापड कमी झालं.

इथे सात जणांनी एकमेकांना कसं निवडलं, कोण कुणाच्या गटात नको होता, हे मला फार जाणून घ्यावंसं वाटतं. साळखात्याचा इतिहास वाचल्यावर ‘आपोआप जुळले’ हा शब्द सहज गिळता येत नाही.

राइस यांचे सहकारी एरिक मिलर १९७० मध्ये पुन्हा कॅलिकोत गेले. एका शेडमध्ये गट जवळजवळ जसेच्या तसे चालू होते, सोळा-सतरा वर्षांनंतरही. इतर ठिकाणी ते विरून गेले होते. बाजार बदलला, कापडाचे प्रकार बदलले, नवी माणसं गटात नीट रुळवून न घेता भरली गेली, आणि अडचण आली की वरचे पुन्हा एकेका कामगाराला गाठून हुकूम देऊ लागले होते.